किल्ली घेऊ का, ताई?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही चिखलीत भाड्याने राहतो. मिस्टर चाकणच्या कंपनीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते, मुलगी सातवीत आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात मोशीला टू-बीएचके बुक केला. सातवा मजला, करारातली किंमत ६० लाख. करारनाम्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२४ लिहिली आहे. तिला आता चौदा महिने उलटून गेले. आजवर ५७ लाख भरून झालेत, त्यातले ४२ लाख बँकेचे. प्री-ईएमआय, म्हणजे ताबा मिळेपर्यंत बँकेला भरायचं नुसतं व्याज, तीस हजारांच्या घरात जातो आणि वर १९ हजार घरभाडं.

मागच्या आठवड्यात बिल्डरचं पत्र आलं. ‘फिट-आउटसाठी ताबा’ देतो म्हणतात. किल्ली घ्या, फर्निचर करून घ्या, राहायलाही या, ओसी महिन्या-दोन महिन्यांत येतेच आहे. त्यासाठी उरलेले ३ लाख आणि २४ महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ ८४ हजार भरायचा. शिवाय एका छापील हमीपत्रावर सही करायची. त्यात एक ओळ आहे: ‘ताबा मिळण्यास झालेल्या विलंबाबाबत माझी कसलीही तक्रार नाही व भविष्यात कोणतीही भरपाई मागणार नाही.’ ८८ फ्लॅटपैकी १९ कुटुंबं राहायला गेलीसुद्धा.

आमचा भाडेकरार मे महिन्यात संपतोय. सासरे ७८ वर्षांचे आहेत, हृदयाचं दुखणं आहे. गावची वीस गुंठे जमीन विकून त्यांनी या घरात आठ लाख घातले. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करू, एकदा दारावर आपल्या नावाची पाटी बघू दे, एवढंच म्हणतात. घरात रोज हाच विषय असतो. मिस्टर म्हणतात सही करून मोकळं होऊ. माझं मन होत नाही. किल्ली घेऊ का, ताई?
– एक वाचक, चिखली

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मन सासऱ्यांपाशीच अडकलं, म्हणून दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसले. उत्तर आधी सांगते. किल्ली घेऊ नका. आणि त्या हमीपत्रावर तर कुणी कितीही गळ घातली तरी सही करू नका.

हे मी वरवर सांगत नाही. एका महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात मी ३१ वर्षं नोकरी केली. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे तुम्ही ज्याला ओसी म्हणता त्याच्या, फायली माझ्या टेबलावरून जायच्या. तरीही १९९९ साली आम्ही स्वतः ओसी नसलेल्या इमारतीत राहायला गेलो. भाडं परवडत नव्हतं, मुलं लहान होती, आणि बिल्डर रोज सांगायचा की पंधरा दिवसांत कागद हातात पडतोय. तो कागद आम्हाला मिळाला २०१० मध्ये. अकरा वर्षं. कायमचं नळजोड नव्हतं, टँकरवर दिवस काढले. वीज बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर होती. संध्याकाळी पंप सुरू झाला की ट्यूबलाइट फडफडायची आणि फ्रीज बंद करून ठेवावा लागायचा. लिफ्ट बसवलेली होती, पण विद्युत निरीक्षकाचा परवाना नव्हता, म्हणून कुलूप. २००३ च्या पावसाळ्यात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. चौथ्या मजल्यावरून चार जणांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. प्रत्येक वळणावर त्या कठडा घट्ट धरायच्या आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागायची. ती बोटं मला अजून दिसतात. तुमच्या घरी हृदयाचं दुखणं असलेले सासरे आहेत आणि घर सातव्या मजल्यावर आहे, म्हणून हे सगळं लिहिलं.

आता ओसी का अडते ते सांगते, कारण ‘येतेच आहे’ या शब्दांनी लोक फसतात. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि ती राहायला योग्य आहे, असं महापालिका ज्या कागदावर म्हणते तो भोगवटा. अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला, लिफ्टचा परवाना, ड्रेनेजची जोडणी, भरायचं शुल्क, यातलं काही राहिलं की फाइल थांबते. हे भरून निघण्यासारखं असतं. पण नकाशाबाहेर बांधकाम झालं असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या बिल्डरने जिन्यालगतची मोकळी जागा बंद करून दोन दुकानं काढली होती. ती पाडल्याशिवाय सही कोण करणार? आम्हाला हे कळलं तेव्हा दुकानं विकली गेली होती आणि आम्ही आत राहत होतो. बिल्डरला घाई उरलीच नाही, पैसे तर त्याला मिळाले होते.

म्हणून तुमच्या बिल्डरला तोंडी विचारू नका, लेखी विचारा: ओसीचा अर्ज कोणत्या तारखेला केला, आवक क्रमांक काय, आणि महापालिकेने कोणती त्रुटी काढली आहे? आवक क्रमांक म्हणजे ओसी नव्हे. आर्किटेक्टने दिलेला काम पूर्ण झाल्याचा दाखला म्हणजेही ओसी नव्हे, हे विशेष लक्षात ठेवा. तो छान लेटरहेडवर असतो आणि दाखवताना पटकन दाखवतात. शंका असेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एखाद्या इमारतीला अंशतः ओसी मिळते, तीही चालते, पण त्यात तुमच्या इमारतीचं नाव आणि सातवा मजला लिहिलेला स्वतः वाचा.

कायदा काय म्हणतो ते तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा. महाराष्ट्रात सदनिकांसाठी १९६३ चा कायदा आहे, सगळे त्याला मोफा म्हणतात. त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की आवश्यक तो पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने कुणाला ताबा देऊ नये. आणि त्याच वाक्यात पुढे आहे की कुणी तो घेऊही नये. म्हणजे बंदी दोघांनाही आहे. ‘फिट-आउट’ हा शब्द कायद्यात मला तरी कुठे सापडलेला नाही. सुताराला आत घ्या म्हणून दिलेली किल्ली पुढे ‘ताबा दिला’ म्हणून दाखवली जाते, आणि त्या तारखेपासून मेंटेनन्सचं मीटर सुरू होतं. २४ महिन्यांचे ८४ हजार त्यासाठीच आत्ता मागितलेत.

जी १९ कुटुंबं राहायला गेली त्यांना मी दोष देत नाही. मीही गेले होते. पण मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण त्यांनाही सांगा. तिथल्या लोकांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, ओसी मिळाली नाही. ओसी नाही म्हणून मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाण्याचा आकार ५० टक्के जास्त, असं वर्षानुवर्षं भरावं लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ती रोज चालूच राहणारी चूक आहे, म्हणून तक्रारीची मुदत संपली असं बिल्डरला म्हणता येणार नाही. निकाल चांगला आहे. पण १९९७ ते २०२२ हे अंतर बघा. तेव्हा तिशीत असलेली माणसं निवृत्तीला आली असतील.

आता पैशाचं. तुम्ही घरभाडं आणि प्री-ईएमआय लिहिलंत, पण तुमचं येणं लिहिलं नाहीत. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १८ सांगतं की करारातल्या तारखेला ताबा दिला नाही, तर ग्राहकाला व्यवहार सोडून सगळे पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर (म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेल्या किमान व्याजदरावर) २ टक्के असा ठरवलेला आहे. समजा तो ११ टक्के धरला, तर तुमच्या ५७ लाखांवर वर्षाचे ६ लाख २७ हजार होतात, महिन्याचे ५२ हजार २५०. म्हणजे तुमचं भाडं आणि प्री-ईएमआय मिळून जे ४९ हजार जातात, त्याहून जास्त. चौदा महिन्यांचे ७ लाख ३१ हजार ५०० झाले. हमीपत्रातल्या त्या एका ओळीची किंमत एवढी आहे. सासऱ्यांनी जमीन विकून जे आठ लाख आणले, जवळजवळ तेवढीच रक्कम तुम्ही एका सहीने सोडून देणार होतात.

‘प्रकल्पाला महारेराने मुदतवाढ दिली आहे’ असं बिल्डर तुम्हाला सांगेल. महारेरा म्हणजे रेरा कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण. ती मुदतवाढ प्रकल्पाच्या नोंदणीची असते. तुमचा हक्क तुमच्या करारनाम्यातल्या तारखेपासून मोजायचा, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून.

उरलेले ३ लाखही आत्ता देऊ नका. महारेराच्या नमुना करारनाम्यात हप्त्यांचं वेळापत्रक असतं: लिफ्ट, पंप, वायरिंग वगैरे होईपर्यंत ९५ टक्के, आणि शेवटचे ५ टक्के ओसीसह ताबा देताना. तुमचे ५७ लाख म्हणजे बरोबर ९५ टक्के. आपला करार काढून हे पान शोधा, बहुतेक असंच लिहिलेलं सापडेल. हे ५ टक्के तुमच्या हातातलं शेवटचं वजन आहे.

बिल्डरला उत्तर द्या, गप्प बसू नका. पत्र लांबलचक नको. मी लिहिलं असतं तर एवढंच लिहिलं असतं: ‘आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले. आम्ही सदनिकेचा ताबा घेण्यास तयार व उत्सुक आहोत. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मिळताच करारानुसार उर्वरित रक्कम भरून ताबा घेऊ. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेणे आम्हास कायद्याने शक्य नाही. १ जानेवारी २०२५ पासूनच्या विलंबावरील व्याजाचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.’ यातला ‘तयार व उत्सुक’ हा शब्दप्रयोग गाळू नका. उद्या ‘आम्ही ताबा देत होतो, ह्यांनीच घेतला नाही’ असं म्हणायला जागा राहू नये. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, तेच ईमेलवरही टाका. आणि ओसी खरोखर आली की मात्र उशीर करू नका. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ताबा घेणं हे रेराप्रमाणे ग्राहकाचं कर्तव्य आहे, आणि तुमचा करार त्याहून कमी दिवस सांगत असेल, तेही बघून ठेवा.

एकट्या लढू नका. ८८ पैकी १९ आत गेले, म्हणजे ६९ घरं अजून बाहेर आहेत. त्यांना एकदा एका खोलीत बसवा, नुसत्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण होतं आणि पुढे काही होत नाही. पुष्कळांना माहीत नसतं की ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापनेसाठी अर्ज करणं बिल्डरला बंधनकारक आहे. त्यासाठी ताबा मिळायची वाट बघायची नसते. सोसायटी उभी राहिली की पत्रव्यवहाराला वजन येतं. २०१८ पासून महारेराचा सलोखा मंच आहे, तिथे ग्राहक संघटना आणि बिल्डरांच्या संघटना असे दोन्हीकडचे प्रतिनिधी समोरासमोर बसवून तोडगा काढतात. दोन्ही बाजू तयार असतील तर मी आधी तिथे जा म्हणेन. तोडगा निघाला नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करा, शुल्क ५ हजार रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आदेश निघूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येतात. ही वसुली वेळखाऊ असते, हे लपवत नाही. म्हणूनच शेवटचे ५ टक्के हातात ठेवा असं मी पुन्हा सांगते.

आणखी एक, मिस्टर जुन्या करप्रणालीत असतील तरच. स्वतः राहायच्या घराच्या कर्जव्याजावर २ लाखांपर्यंतची वजावट हवी असेल, तर कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हावं लागतं. तुमचं कर्ज २०२१-२२ मधलं असेल तर ही मुदत ३१ मार्च २०२७ ला संपते. बिल्डरला लिहिताना ही तारीखही कळवा.

मे महिन्याचं काय? घरमालकाशी अकरा महिन्यांचाच करार करा, पण एक महिन्याची नोटीस देऊन कधीही सोडता येईल असं कलम घालून घ्या. भाडं हजार-पाचशेने वाढलं तरी मान्य करा. मुलीची शाळा मध्येच हलणार नाही, हेही त्यात आलं.

राहिले सासरे. त्यांच्यापाशी हा हिशेब तुम्ही दोघांनी मिळून, शांतपणे मांडा. ज्याने जमीन विकली आहे त्याला सातबारा कोरा असणं म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. ‘अण्णा, घर आहे, पण अजून त्याचा सातबारा कोरा झालेला नाही’ असं सांगा, मला वाटतं ते तुमच्या मिस्टरांच्या आधी समजतील. अक्षय्य तृतीयेला साइटवर आधी फोन करून त्यांना खुर्चीसकट घेऊन जा. वर चढवू नका. खालून सातव्या मजल्याची गॅलरी दाखवा, गेटाशी नारळ फोडा. पाटी मात्र त्याच दिवशी करायला टाका. पितळेची करा, नाव त्यांचं घाला, आणि ताबा मिळेपर्यंत ती भाड्याच्या घराच्या दाराला लावा. घरमालक नाही म्हणणार नाही.

प्रश्न: आम्ही २०२३ मध्ये ठाण्यात ओसीसह ताबा घेतला. आता आमच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये गळती होते. बिल्डर म्हणतो वॉटरप्रूफिंगची हमी एकच वर्षाची होती. खालचे शेजारी रोज भांडतात. खर्च कुणी करायचा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बिल्डरने. रेराच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातला, कामाच्या दर्जातला दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिला, तर तो बिल्डरने ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमची मुदत २०२८ पर्यंत आहे. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराने बिल्डरला दिलेली एका वर्षाची हमी हा त्या दोघांतला मामला आहे.

पण त्याआधी तुम्ही ताब्यानंतर टाइल्स बदलल्या किंवा नवा शॉवर, गीझर बसवताना भिंत फोडली का, ते मला लिहिलेलं नाही. तसं केलं असेल तर बिल्डर तिथेच बोट ठेवेल. केलं नसेल तर प्लंबर बोलावून नहाणीचा ट्रॅप बंद करा, दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवा आणि खालच्यांच्या छताचा फोटो तारखेसह काढा. खालच्या शेजाऱ्यांना या वेळी वर बोलवा आणि पाणी भरलेलं दाखवा. मग बिल्डरला फोटोंसकट लेखी कळवा आणि शेजाऱ्यांची सहीही त्याच पत्रावर घ्या.

ताबा घेणार असलेल्या इतर वाचकांसाठीही हेच: सही करण्याआधी दिवसाउजेडी घरात तास-दीड तास काढा. दहा रुपयांच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा, खाली माल भरलेला नसेल तिथे आवाज पोकळ येतो. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते नहाणीकडे जातं की दाराकडे येतं ते पाहा. जे सापडेल ते ताबा पावतीवरच लिहा, आणि साइट इंजिनिअरची सही घ्या.